काठाकाठानं दोघी जावा

थोरली एकतीस वर्षं चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासत होती. घासायच्या यंत्रासमोर एक स्टूल, स्टुलासमोर भिंत, आणि भिंतीवर नदीकाठच्या पायवाटेचा एक पिवळा पडलेला नकाशा. नदी समुद्राला मिळते तिथून निघायचं आणि डोंगरात ती जिथं उगवते तिथवर जायचं. तीनशे दहा किलोमीटर. काच फ्रेमला बसवून झाली की थोरली मान वर करायची, नकाशाकडे बघायची आणि पुढची काच उचलायची. निवृत्त झाली त्या संध्याकाळी तिनं नकाशा भिंतीवरून काढला, त्याची नीट घडी केली आणि घरी आणला.

"चला," ती नवऱ्याला म्हणाली.

"माझे गुडघे आपल्या जिन्याच्या सातव्या पायरीवरच रजा मागतात," नवरा म्हणाला. "तू जा. मी घर सांभाळतो."

मैत्रिणींना विचारून झालं. एकीची नातवंडं, एकीची कंबर, एकीला तंबू म्हटलं की घाम फुटायचा. थोरली स्वयंपाकघरात येऊन हे सगळं स्वतःशीच पुटपुटत होती, तेव्हा भिंतीकडे तोंड करून कप विसळणारी धाकटी म्हणाली, "मी येऊ का, ताई?"

दोघी सख्ख्या जावा. बावीस वर्षं एका छपराखाली, एकाच स्वयंपाकघरात दोन शेगड्यांवर. धाकटी एका मोठ्या इस्पितळाच्या कपडे धुण्याच्या विभागात कामाला होती. दिवसभर वाफाळत्या चादरींच्या घड्या घालायची आणि घरी आल्यावरही कुणाशी फार बोलायची नाही. दोघींत कधी भांडण झालं नव्हतं. भांडायलाही थोडी ओळख लागते. थोरलीच्या मते धाकटी स्वभावानं चांगली, पण घुमी. धाकटीच्या मते थोरली कशी होती, हे थोरलीनं कधी विचारलं नव्हतं.

"तुला झेपेल?" थोरलीनं विचारलं.

"झेपेल," धाकटी म्हणाली आणि पुढचा कप उचलला.

पहिले नऊ दिवस वाट शेतांमधून आणि गावांच्या कडेनं गेली. थोरली पुढं, धाकटी मागं. घरात होतं तसंच. कुठं थांबायचं, किती वाजता उठायचं, चहात साखर किती, सगळं थोरली ठरवायची आणि धाकटी "बरं" म्हणायची. दहाव्या दिवशी जंगल लागलं. तिथल्या चौकीवरच्या वनरक्षकानं दोघींची नावं वहीत लिहून घेतली आणि नियम सांगितले: गळानं मासे धरायला हरकत नाही, जाळं टाकायचं नाही, आणि खाण्याची पिशवी जमिनीवर ठेवायची नाही, झाडाला उंच टांगायची.

"मासे कोण धरतंय इथं," थोरली हसून म्हणाली.

धाकटीनं पाठीवरच्या पिशवीचा पट्टा आवळला. जंगलातल्या तिसऱ्या दुपारी मुक्कामाच्या जागी पोचल्यावर तिनं पिशवीतून औषधाच्या गोळ्यांचा एक चपटा पत्र्याचा डबा काढला. आत कापसात टोचून ठेवलेले बारीक गळ, नायलॉनच्या दोऱ्याची रिळं आणि बाटलीच्या बुचाचे तासलेले तुकडे. तिनं एक सरळ फांदी तोडून सोलली, दोरा बांधला, दगड उलथून गांडूळ शोधलं आणि पाण्यात पडलेल्या एका ओंडक्याच्या सावलीत गळ सोडला. हे सगळं इतक्या सराईतपणे की थोरली हातातली काडेपेटी तशीच धरून बघत राहिली. बूच दोनदा थरथरलं, मग गपकन खाली गेलं. धाकटीनं मनगटाला जेमतेम एक हिसका दिला आणि वीतभर लांब, चकचकीत मासा गवतावर उडाला.

"हे कुठं शिकलीस?"

"बाबांकडं. तळ्याकाठी घर होतं आमचं. जाळी दुरुस्त करायचे ते. मला चालता येण्याआधी गळ टाकता यायचा, असं आई म्हणायची."

"बावीस वर्षांत कधी बोलली नाहीस."

"विषय निघाला नाही कधी," धाकटी म्हणाली. तिनं मासा ओल्या हातानं धरून उलटा केला, पोटावरून अंगठा फिरवला. "अंडी आहेत हिच्या पोटात." आणि तिनं तो पाण्यात सोडून दिला.

मग तीन मासे मिळाले. ते मीठ लावून निखाऱ्यावर भाजून खाताना थोरलीनं सहज म्हटलं, की एवढी हौस आहे तर घरून चांगली काठी तरी आणायची. धाकटी काटे वेगळे करत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "होती की. बाबांनी लग्नात दिली होती त्यांची. तीन तुकड्यांची, पितळी जोडाची. जोडली की दोन पुरुष उंच."

थोरलीचा घास तोंडातच राहिला. दाराआडच्या कोपऱ्यात उभी असलेली ती हलकी, लांब काठी तिला लख्ख आठवली. तिनंच तर तिच्या टोकाला केरसुणी बांधली होती. दहा-बारा वर्षं त्या काठीनं घरभरची जळमटं काढली, आणि एकदा माळ्याच्या कडेला अडकून मोडली तेव्हा थोरलीनंच ती भंगारात दिली.

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"नवी होते मी. आणि तुम्ही इतक्या खूश होतात, जळमटांना हात पुरेल अशी काठी मिळाली म्हणून." धाकटी पहिल्यांदा थोडी हसली. "बाबांना सांगितलं मी. ते म्हणाले, कोळ्याची काठी, कोळ्यांच्याच मागं लागलीय. जाऊ दे."

धाकटी हसत होती म्हणून थोरलीही हसली. पण झोपेपर्यंत तिला त्या केरसुणीची सुतळी दिसत राहिली. किती घट्ट आवळून बांधली होती ते.

दुसऱ्या संध्याकाळी खाण्याची पिशवी टांगायला थोरली उठली. धाकटी रोज दोरी फांदीवरून टाकून पिशवी चांगली वर ओढायची. "आज मी करते, तू बस," थोरली म्हणाली. आदल्या दिवसापासून तिला काहीतरी करून द्यायचं होतं, पण काय ते सुचत नव्हतं. तिनं दोरी टाकली, ओढली, आणि फ्रेमचे स्क्रू पिळणाऱ्या बोटांनी एक सुबक गाठ मारली.

गाठ सुबक होती, पण घट्ट नव्हती. उजाडताना बाहेर फुरफुर ऐकू आली. धाकटीनं तंबूची चेन दोन बोटं उघडली. खाली आलेल्या पिशवीभोवती एक रानडुकरीण आणि पट्ट्यापट्ट्यांची सहा पिल्लं मांडी ठोकून बसल्यासारखी जमली होती. तांदूळ, बिस्किटं, सुकं फळ, सगळ्याचा फडशा चालला होता. एका पिल्लाच्या नाकावर चहाची पूड होती आणि ते सारखं शिंकत होतं.

"हाकलू या?" थोरली कुजबुजली.

"पिल्लं आहेत सोबत. आई अंगावर येईल," धाकटी म्हणाली. मग दोघी पोटावर पालथ्या पडून आपला आठवड्याचा शिधा संपताना बघत राहिल्या. शिंकणारं पिल्लू सगळ्यात शेवटी गेलं.

पुढचं गाव तीन दिवसांवर होतं, मागचं चार. थोरली वाट बघत होती की आता धाकटी काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. धाकटीनं फक्त विस्कटलेली पिशवी झटकली, उरलेली मिठाची पुडी खिशात घातली आणि म्हणाली, "मासे आहेत नदीत. चला."

त्या दिवसापासून धाकटी पुढं आणि थोरली मागं.

दुपारी धाकटीनं तिच्याही हातात एक काठी दिली. "बुचाकडे बघायचं. बाकी काही करायचं नाही." थोरली एका खडकावर बसली. बारीक वस्तूकडे तासन् तास बघणं हा तर तिचा जन्माचा धंदा होता. बूच हललं. ती पुढं वाकली, आणखी वाकली, गळ ओढला, मासा लागला आणि त्याच क्षणी नाकावरचा चष्मा घसरून डोहात गेला. डुबुक असा लहानसा आवाज झाला. मासा मात्र तिनं सोडला नाही.

धाकटीनं तीन वेळा बुडी मारली. डोह खोल होता आणि तळाशी गाळ. चौथ्यांदा ती उतरायला लागली तेव्हा थोरलीनं तिचा दंड धरला. "पुरे. गारठशील."

थोरलीच्या दोन्ही डोळ्यांना उणे नऊचा नंबर. दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती बजावायची, प्रवासाला निघताना दुसरा चष्मा जवळ असू द्या. तिचा दुसरा चष्मा घरी आरशाखालच्या खणात होता.

धाकटी एकटीच वरच्या टेकाडावर चढून गेली. तिथं फोनला जेमतेम रेंज होती. तासाभरानं परत येऊन तिनं सांगितलं, "भावजींना निरोप दिलाय. चष्मा पुढच्या गावी बसनं पाठवतायत. तोवर माझ्या पिशवीचा पट्टा धरा आणि मी सांगेन तसा पाय टाका."

मग सुरू झालं. "दगड. मूळ. इथं ओलं आहे. पायरी, गुडघाभर. आता दहा पावलं सपाट." थोरलीला हिरव्यावर हिरवा, तपकिरीवर तपकिरी असा नुसता कालवलेला रंग दिसत होता, आणि मधोमध धाकटीच्या पिशवीचा लाल पट्टा. आपल्या घरात तरी आपण कधी कुणाच्या मागं चाललो होतो का, ते तिला आठवेना.

अस्वल भेटलं ते दुसऱ्या दिवशी. धाकटी मागच्या झाडीत वाळकी लाकडं गोळा करत होती आणि थोरली काठावर तोंड धूत होती. पात्र तिथं अरुंद होतं. पलीकडच्या काठावर काळा कोट घातलेला एक जाडजूड माणूस पाण्यावर वाकून बसलेला तिला दिसला. इतक्या दिवसांत माणूस भेटला म्हणून तिला बरं वाटलं.

"काही मिळालं का?" तिनं विचारलं.

माणसानं मान वर केली, पण उत्तर दिलं नाही. लाजरा असेल.

"आम्हाला सकाळपासून दोनच. तुम्ही गळ जरा खोल सोडून बघा. माझी जाऊ म्हणते, मोठा मासा तळाशी असतो. तिला फार कळतं त्यातलं."

माणूस उठून उभा राहिला. चांगलाच उंच होता. मग वाऱ्याबरोबर एक वास आला, ओल्या घोंगडीसारखा, आणि थोरलीच्या हातातलं पाणी बोटांमधून गळून गेलं.

"ताई." मागून धाकटीचा आवाज आला, अगदी हळू. "बोलणं थांबवू नका. असंच शांतपणे बोलत राहा आणि एकेक पाऊल मागं या. वळायचं नाही."

"कोण आहे गं?"

"अस्वल. मागं पिल्लू आहे तिचं."

थोरलीच्या जिभेनं दगा दिला नाही. "हो का," ती पलीकडे बघत म्हणाली. "बाळ आहे होय सोबत. बरं, बरं. आम्ही निघालोच. तुमचं चालू द्या." एक पाऊल. "चष्मा नाही ना माझा, म्हणून ओळखलं नाही. गैरसमज नसावा." आणखी एक पाऊल. धाकटीचा तळवा तिच्या पाठीला लागला आणि मग त्या हाताच्या आधारानं ती मागं, मागं सरकत गेली. अस्वल खाली बसलं, हुंगलं, वळलं. झाडीतून फांद्या मोडल्याचा आवाज गेला आणि लांब होत होत थांबला.

चांगली शंभरेक पावलं मागं आल्यावर दोघी मटकन खाली बसल्या. मग धाकटी म्हणाली, "गैरसमज नसावा," आणि तिला हसू फुटलं. थोरलीनं तिला हसताना बावीस वर्षांत असं कधी ऐकलं नव्हतं. पोटातून, अडखळत, श्वास पुरेनासा होईपर्यंत. तिलाही ते लागलं. हसता हसता दोघींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"ताई," धाकटी डोळे पुसत म्हणाली, "माझी जाऊ म्हणते, असं म्हणालात तुम्ही."

"मग? खोटं आहे का?"

"नाही. कौतुकानं म्हणालात."

थोरलीनं चाचपडत धाकटीचा हात शोधला आणि धरून ठेवला. "त्या काठीचं," ती म्हणाली, "मला फार लागून राहिलंय."

"माहीत आहे. म्हणून तर पिशवी बांधायला उठलात ना," धाकटी म्हणाली. "माझं लक्ष होतं गाठीकडे. सैल आहे हे दिसत होतं मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि डुकरांनी खाल्लं तेव्हा छान वाटलं का मला?"

पुन्हा हसणं सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदी एका रुंद, संथ वळणावर आली. धाकटी एकदम थांबली आणि तिनं थोरलीला खांदा दाबून खाली बसवलं. पाण्यातून शिट्ट्यांसारखे बारीक आवाज येत होते.

"काय आहे? सांग ना."

"पाणमांजरं. पाच आहेत. थांबा, सहा. एक उताणं पडलंय पाण्यावर आणि पोटावर मासा ठेवून खातंय, डोक्याकडून. दोन लहान आहेत, त्यांना तो मासा हवाय. आता एक त्याच्या शेपटीला लोंबकळलं. त्या मोठ्यानं बुडी मारली. गेली सगळी. नाही, तिकडे निघाली वर, चिखलावरून घसरत खाली येतायत, एकामागं एक. धाकट्याला घसरता येत नाहीय, ते वरच उभं आहे. आई परत वर गेलीय. मानगुटीला धरलं. आली, आली खाली दोघं."

धाकटी बोलत राहिली. पाण्याचा रंग, ओल्या केसांवरून ओघळणारं ऊन, बुडबुड्यांची रेघ कुठून कुठं चाललीय. तिचे बाबा म्हणायचे ते, जाळ्यात अडकलेलं एक पाणमांजर त्यांनी सोडवलं होतं ते, त्या दिवशी त्यांचा अंगठा कसा फाटला ते. थोरली डोळे मिटून ऐकत होती. उघडे ठेवूनही फरक पडत नव्हता, आणि मिटल्यावर जास्त स्पष्ट दिसत होतं. हिला आपण घुमी म्हणत होतो, तिच्या मनात आलं, आणि तिचे कान गरम झाले.

दुपार कलताना गाव आलं. चार रस्ते, एक चहाचं दुकान, बसथांबा. दुकानवालीनं फळीवरून एक लहान खोकं काढून दिलं. खोक्यात कापडात गुंडाळलेला चष्मा होता, आणि नवऱ्याच्या अक्षरातली चिठ्ठी: "खणात सापडला. तुझी गिऱ्हाइकं शहाणी होती म्हणायची."

थोरलीनं चष्मा घातला. जग टपकन जागेवर आलं: कपाची चीर, भिंतीवरचं कॅलेंडर, रस्त्यापलीकडच्या दोरीवरचे कपडे. समोर धाकटी बाकावर बसली होती. उन्हानं रापलेली, ओठ फुटलेले. आणि खाली तिचे पाय. बुटांच्या मागच्या बाजूला मोजे काळपट लाल होऊन चिकटले होते.

थोरली खाली बसली आणि तिनं बुटाची नाडी सोडायला घेतली.

"राहू द्या ताई, मी करते."

"कधीपासून आहे हे?"

"डुकरं आली त्याच्या आदल्या दिवसापासून."

"आणि तू डोंगरावर चढलीस फोन करायला. माझं ओझं ओढलंस तीन दिवस. का नाही बोललीस?"

"तुम्हाला दिसत नव्हतं," धाकटी म्हणाली. "थांबायला लागलं असतं, आणि खायला तर काही नव्हतं."

थोरलीनं कोमट पाणी मागितलं. मोजा भिजवून, न ओढता, दोऱ्यादोऱ्यानं सोडवला. एकतीस वर्षं काचेवर ओरखडा न येऊ देणारी बोटं होती ती. टाचांची सालटं निघून आतलं लाल मांस दिसत होतं. तिनं जखमा धुतल्या, पुसल्या, मलम लावलं, पट्टी बांधली. धाकटी एकदाही कळवळली नाही. पण दुसऱ्या पायाची पट्टी बांधून होईपर्यंत तिच्या डोळ्यांतून मुकाट पाणी वाहायला लागलं होतं.

"दुखतंय?"

धाकटीनं मान हलवली. "आई गेल्यापासून कुणी पायाला हात लावला नव्हता माझ्या."

थोरली ते पाय मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. दुकानवालीनं न विचारताच दोन कप चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

"तीन दिवस इथंच राहायचं," थोरली म्हणाली. "टाचा भरल्याशिवाय हलायचं नाही. आणि एक सांगते. ताई म्हणायचं तर म्हण, पण ते तुम्ही-बिम्ही आता बस झालं."

"सवय झालीय हो."

"मोड. तीन दिवस आहेत जीभ वळवायला."

तीन दिवसांत ती पुरती वळली नाही. "तुम्ही ये ना," असं काहीतरी अर्धवट निघायचं आणि दोघी हसायच्या. चौथ्या दिवशी त्या निघाल्या. नवीन शिधा, पायात पट्ट्या, आणि चाल धाकटीची. आता वाट रुंद असली की त्या शेजारी शेजारी चालत. थोरलीला दिवसाकाठी एखादा मासा मिळायला लागला. पोटाला अंगठा लावून अंडी ओळखायलाही ती शिकली, आणि दोनदा नीट ओळखता न आल्यानंही तिनं मासा सोडून दिला. खात्री नसेल तर सोडावा, असं तिचं तिनंच ठरवलं. एका पहाटे धुक्यात एक हरिणी तंबूपासून पाच हातांवर उभी होती. दोघींनी एकाच वेळी एकमेकींच्या तोंडावर हात ठेवला.

उगम फारसा मोठा नव्हता. एका कलत्या खडकाखालून तळहाताएवढं पाणी निघत होतं आणि परातीएवढ्या खळग्यात साठून पुढं वाहत होतं. एकतीस वर्षं नकाशावर बघितलेला तो निळा ठिपका. थोरली त्याच्या कडेला बसली. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं; आलं नाही. फक्त पाय हलके झाले.

खाली रस्ता दिसत होता आणि इथं रेंज होती. तिनं नवऱ्याला फोन लावला.

"पोचलात? शाब्बास," तो म्हणाला. "गाडी घेऊन आम्ही दोघं भाऊ सकाळीच निघालोय. तासाभरात खाली असू. जेवायला घरीच."

थोरलीनं मागं वळून बघितलं. धाकटी पालथी पडली होती, हनुवटी खडकावर टेकवून, नाक पाण्याला लागेल इतक्या जवळ. खळग्यात माशांची नखाएवढी पिल्लं पोहत होती आणि ती ओठ हलवत मोजत होती. मधेच एक निसटायचं आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"जेवायला घरी नाही," थोरली फोनवर म्हणाली. "तुम्ही दोघं खालच्या धर्मशाळेत खोली घ्या. आम्ही उद्या उतरू."

"उद्या? आता वर काय राहिलंय?"

"हिचं मोजणं व्हायचंय," थोरलीनं सांगितलं, फोन बंद केला आणि तीही खडकावर पालथी पडली.